निर्दोष वाचन

१

रोज सकाळी मी संगणकाची कळ दाबतो, चष्मा पुसतो आणि पडदा उजळेपर्यंत कोणाशीही बोलत नाही. हा नियम घरात सर्वांना ठाऊक आहे. सर्वांना म्हणजे माझ्या पत्नीला, कारण घरात आम्ही दोघेच.

मी छापखान्यात आधी जुळारी होतो. शिशाचे खिळे जुळवून जुळवून बोटे काळी झाल्यावर मालकांनी मला मुद्रितशोधक केले आणि इतरांच्या चुका शोधण्याचे काम दिले. शाळा माझी लवकर सुटली. त्यानंतर जे शिकलो ते वाचून शिकलो. संगणक चालवणारी लिनक्स प्रणालीसुद्धा. चिरंजीव स्वतः संगणकाचा अभियंता आहे. तो म्हणाला होता, "बाबा, या वयात हा उपद्व्याप कशाला? विकतचं घ्या, ते गुमान चालतं."

"गुमान चालतं तेच मला नको आहे," मी म्हणालो. "काय चालतं ते मला कळलं पाहिजे."

पत्नी पूर्वी शाळेत गाणे शिकवीत असे. आता ती अंधांच्या श्राव्य ग्रंथालयासाठी पुस्तके वाचते. मागच्या खोलीच्या भिंतींवर आम्ही जुन्या रजया टांगल्या आहेत, म्हणजे रस्त्यावरचा आवाज आत येत नाही. आत एक स्टूल, एक दिवा आणि एक माइक. माइकची वायर भिंतीतल्या भोकातून पुढच्या खोलीत माझ्या संगणकाला येते. तिने हाताजवळची कळ दाबली की ध्वनिमुद्रण 'वाचन' नावाच्या फोल्डरात उतरू लागते. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक समोर ठेवून ते ऐकतो आणि तांबड्या पेन्सिलीने तिच्या चुका टिपतो.

तिच्या चुका पुष्कळ. ती प्रत्येक परिच्छेदाआधी घसा खाकरते, दोन ठोक्यांत, आधी आखूड आणि मग लांब. जोडशब्दाच्या मध्येच श्वास घेते. विनोद आला की लेखकाच्या आधी स्वतः हसते. आणि मी हे दाखवून दिले की म्हणते, "प्रूफवाले, आंधळ्या माणसांना डोळे नसतात, पण कान असतात हो. त्यांना कळू दे ना, कोणीतरी जिवंत माणूस वाचतंय."

एकदा संगणकातली डिस्क जळाली आणि अर्धे पुस्तक गेले. तेव्हा चिरंजीवाने एक साठवण-पेटी आणून दिली. काळी, विटेएवढी. ती जिन्याखालच्या कपाटात असते आणि राउटरमार्फत संगणकाशी बोलते. यंत्र सुरू होताना जी फाइल वाचते, तीत मी स्वहस्ते एक ओळ लिहिली. डावीकडे पेटीचा पत्ता, मध्ये फोल्डरचे नाव, उजवीकडे अटी; सर्व रकाने खिळ्यांसारखे एका रेषेत. त्या ओळीने पेटीतला कप्पा दररोज आपोआप 'वाचन' फोल्डरवर चढतो. याला माउंट करणे म्हणतात.

"चढतो म्हणजे?" तिने विचारले होते.

"टेबलावर चादर घालावी तसं. वरून पेटीतलं दिसतं. टेबलावर आधीचं काही असेल तर ते झाकलं जातं."

"म्हणजे खरकटी भांडी असली तरी दिसणार नाहीत. बरी सोय आहे."

"दिसणार नाहीत. पण असतील."

"तुमच्या रागासारखं," ती म्हणाली आणि घसा खाकरून आत गेली.

त्या ओळीत एक अट मी विशेष विचारपूर्वक घातली होती: पेटी सापडली नाही तरी यंत्राने अडून बसू नये, पुढे चालू लागावे, चादर मागाहून, सापडेल तेव्हा पडेल. दारात अडून बसणारी यंत्रे आणि माणसे दोन्ही मला आवडत नाहीत.

२

पुस्तक होते एका गलबतावरच्या वैद्याची सफर. जुने, जाडजूड, आणि छपाईच्या चुकांनी भरलेले. त्याचा मला आधीच राग येत होता.

त्या सकाळी मी नवे ध्वनिमुद्रण लावले आणि पेन्सिल उचलली. पान संपले. पेन्सिल कागदाला टेकली नव्हती. दुसरे पान संपले. आवाज तिचा, चाल तिची, पण घसा खाकरणे नाही. श्वास जिथे घ्यावा तिथेच घेतलेला. गलबतावरचा स्वयंपाकी पिंपात पडतो तो प्रसंग आला, आणि ती हसली नाही.

छापील मजकुरातल्या चुकासुद्धा तिने वाचताना दुरुस्त केल्या होत्या.

मी स्वयंपाकघरात गेलो. ती चहाच्या कपात चमचा ढवळत होती, ठणठण आवाज करीत. तो आवाज न करण्याविषयी मी तिला वारंवार सांगितले आहे.

"कालचं वाचन उत्तम झालं," मी म्हणालो. "एकही चूक नाही."

तिने माझ्याकडे पाहिले. "काल? काल मी वाचलंच नाही. घसा बसलाय माझा. तुम्हाला सांगितलं की मी."

"फोल्डरात आहे."

"मग जुनं असेल."

"जुनं असतं तर चुका असत्या."

"झालं! कौतुक करतानासुद्धा चिमटा काढल्याशिवाय जमत नाही तुम्हाला."

"अगं, कौतुकाचा प्रश्न नाही. जे वाचलंच नाही ते तिथे कसं?"

"मला काय विचारता? यंत्र तुमचं, चादर तुमची." ती खाकरली. "मी फक्त खरकटी भांडी."

ती हसत होती, मी हसलो नाही. माझ्या फोल्डरात कोणीतरी हात घातला होता, आणि घरात न विचारता शिरणाऱ्याचा मला जितका संताप येतो तितका चोराचासुद्धा येत नाही. चोर निदान काही घेऊन जातो. हा ठेवून गेला होता.

३

मी चिरंजीवाला फोन लावला.

"तू माझ्या यंत्रात शिरला होतास का?"

"नमस्कार बाबा. मी बरा आहे."

"विचारलं त्याचं उत्तर दे. आजकाल कोणाचाही आवाज बनवता येतो म्हणे. ही तुझी थट्टा असेल तर मला ती आवडलेली नाही."

"बाबा, तुमच्या यंत्राला हात लावायची माझी छाती आहे का? हात कलम कराल." तो हसला. "पण पेटी चालू आहे का? माझ्याकडे तिचा निरोप येतो दर आठवड्याला, ठीक असल्याचा. बरेच दिवस आला नाही."

"चालू नसती तर फोल्डर भरलेलं कसं दिसलं असतं?"

"हो, तेही खरंच. एकदा बघून तर या."

मी जिन्याखालचे कपाट उघडले. छत्र्या, जुने बूट, आणि मागे ती पेटी. तिचा हिरवा दिवा विझलेला होता. प्लग भिंतीतून काढून वायर व्यवस्थित गुंडाळून वर ठेवली होती, आणि त्या वेटोळ्यावर धूळ बसली होती. ताजी नव्हे, चांगली मुरलेली.

"हे कोणी केलं?" मी ओरडलो.

ती ओढणीला हात पुसत आली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी एक फरशी वर आली आहे. त्या फरशीला ती नेहमीप्रमाणे ठेचकाळली. "मीच केलं. पेटी गुणगुणते हो. ते माइकमध्ये येत होतं. तुम्हीच लिहून दिलं होतं ना तांबड्या अक्षरांत, 'मागे घरघर ऐकू येते'? काढला प्लग, घरघर गेली. सांगायचं मात्र राहिलं."

"राहिलं? आठवडेच्या आठवडे राहिलं?"

"ओरडू नका. घरघर बरी होती तुमच्यापेक्षा."

मी प्लग लावून पाहिला. पेटी उठली नाही. पुढच्या खोलीत जाऊन मी तिच्या पत्त्याला हाक मारली. लिनक्समध्ये तशी आज्ञा आहे, ठरल्या पत्त्यावर कोणी आहे का हे विचारण्याची. उत्तर आले. मी राउटरची वायर उपसली. उत्तर येतच राहिले, शांतपणे, सारख्या अंतराने, कोणीतरी दाराच्या आतून 'हो, हो, हो' म्हणत असावे तसे.

मी समंजस मनुष्य आहे. मी स्वतःला सांगितले की हे जुने उत्तर, यंत्राच्या स्मरणात उरलेले असेल. पत्ता दुसऱ्या कशाला गेला असेल. पुस्तिकेतली पाने मी उलटून पाहिली. एकही कारण टिकले नाही. मग माझा सगळा राग जो समोर होता त्याच्यावर निघाला, आणि समोर ती होती. मी तिला म्हणालो की इतकी वर्षे मी सांगतो आहे, निदान एकदा तरी एखादी गोष्ट बिनचूक कर.

दुसऱ्या सकाळी मी कळ दाबून चष्मा पुसत होतो, तेवढ्यात ती माझ्यासमोरून ताठ मानेने मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले. पडदा अजून पुरता उजळला नव्हता. चादर अजून पडली नव्हती. भिंतीच्या भोकापाशी मला तिचे खाकरणे ऐकू आले, आखूड, मग लांब, आणि तिने वाचायला सुरुवात केली.

४

ती बाहेर आली तेव्हा मी समेटाच्या तयारीत होतो. म्हणालो, "घसा कसा आहे?"

"उत्तम आहे."

तिने चहा केला. चमचा कपाच्या काठाला एकदाही लागला नाही. कप तिने बशीच्या बरोबर मध्यावर ठेवला आणि बशी टेबलाच्या कडेशी समांतर.

पहिल्यांदा मला वाटले, रुसवा आहे. पुढे वाटले, टोमणा आहे; मी बिनचूकपणा मागितला म्हणून ती मला तो ताटात वाढते आहे. तिच्यात तेवढा खट्याळपणा निश्चित होता. मी एक दिवस सोसले, दोन दिवस सोसले. ती गुणगुणत नव्हती. दाराची कडी एका झटक्यात लावत होती. आणि ती वर आलेली फरशी, जिला ती हे घर घेतल्यापासून रोज ठेचकाळते आणि रोज शिव्या देते, ती फरशी ती न पाहता ओलांडून गेली.

"पुरे झालं आता," मी म्हणालो. "कळलं मला. चुकलं माझं, असं समज."

"तुमचं काहीही चुकलेलं नाही," ती म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माझ्या पत्नीने हे वाक्य जन्मात कधी उच्चारलेले नाही.

"मला प्रूफवाले म्हण," मी म्हणालो.

"अहो, असं का म्हणायचं?"

"म्हण!"

"प्रूफवाले," ती म्हणाली. शब्द शुद्ध होता. त्यात दुसरे काहीही नव्हते.

फोल्डरात रोज नवे वाचन येत होते, निर्दोष. मी पेन्सिल ड्रॉवरमध्ये टाकून दिली होती. एका दुपारी ती माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होती, सर्व टरफले एका बाजूला, सर्व दाणे दुसऱ्या. मी वर्तमानपत्र वाचीत होतो, म्हणजे ते समोर धरून तिच्या हातांकडे पाहत होतो.

मागच्या खोलीत कोणीतरी घसा खाकरला. आखूड, मग लांब.

तिचे हात थांबले नाहीत. तिने फक्त मान किंचित वळवून त्या बाजूला पाहिले, दुधावर लक्ष ठेवणारी बाई पाहते तसे, आणि पुन्हा शेंगांकडे वळली.

मी उठून त्या खोलीत गेलो. दिवा लावला. स्टूल रिकामे होते. माइकवरचा तांबडा ठिपका पेटलेला होता. स्टुलावरची उशी दबलेली होती, आणि मी तळवा टेकवला तेव्हा ती उबदार लागली. भिंतींवरच्या रजया अगदी सावकाश आत येत होत्या आणि बाहेर जात होत्या. खिडकी त्या खोलीला नाही.

५

मी ठरवले की चादर ओढून काढायची.

त्याची आज्ञा साधी आहे. मी ती टाइप केली. यंत्राने उत्तर दिले की हा कप्पा काढता येत नाही, तो वापरात आहे. आत कोणीतरी काम करीत आहे. हे उत्तर नेहमीचेच असते. एखादी फाइल उघडी राहिलेली असते. मी सर्व काही बंद केले आणि पुन्हा विचारले. तेच उत्तर.

मग मी विचारले, कोण वापरते आहे? यंत्र हेही सांगते. या संगणकावर मी दोन खाती उघडली आहेत, एक माझे, एक तिचे. पडद्यावर तिचे नाव आले, आणि त्याखाली पुन्हा तिचेच.

स्वयंपाकघरात नळाखाली ताट धुतले जात होते, एका लयीत.

वापरात असलेला कप्पा बळजबरीने ओढण्याचीही आज्ञा आहे. पण पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे की असे केल्यास आत चाललेले काम कायमचे नष्ट होऊ शकते. ते वाक्य मी पूर्वी किती निश्चिंत मनाने वाचले होते! बोट कळीवर होते. मी ते उचलले.

चादर न काढता तिच्याखाली पाहण्याची एक युक्ती आहे. मूळ डिस्क दुसऱ्या एका रिकाम्या फोल्डरवर पुन्हा उघडायची. त्या बाजूने पाहिले की टेबल दिसते. ही युक्ती मला कोणी शिकवलेली नाही. मी ती वाचून शोधली आहे, आणि त्या दिवशी मला तिचा जराही अभिमान वाटला नाही.

मूळ 'वाचन' रिकामे असायला हवे होते. तिथे एकच फाइल होती. भांडणाच्या दुसऱ्या दिवसाची, ती फणकाऱ्याने आत गेली तेव्हाची. कारण मला तत्काळ कळले, आणि तेवढे कारण खरोखर शास्त्रशुद्ध होते: चादर पडण्याआधी जो लिहायला बसतो, त्याचे लिहिणे चादरीखाली होत राहते. वरून ते कोणालाही दिसत नाही.

मी फाइल लावली. खाकरणे. श्वास चुकीच्या जागी. मला रडू आले असते, पण मी फार रागावलेला होतो. ती वाचीत होती: "गलबताच्या पोटात पाणी शिरले होते, आणि वर..."

थांबली. स्टूल करकरले.

"कोण आहे?" ती म्हणाली. "अहो, तुम्ही का? ... अगं बाई. कोण तुम्ही? इथे मी बसते."

आणि मग तिच्याच आवाजात, माइकच्या अगदी जवळून, श्वास न घेता: "...आणि वर कोणालाच त्याचा पत्ता नव्हता."

मी थांबवायला हात पुढे केला तेव्हा माझे लक्ष फाइलच्या आकाराकडे गेले. तो आकडा वाढत होता. मी पाहत असताना वाढत होता. खाली, चादरीखाली, ती अजून वाचीत होती.

६

मी सुरुवातीच्या फाइलमधली माझी ओळ खोडली. पुढच्या वेळी यंत्र सुरू केले तेव्हा ती जागेवर होती, रकाने खिळ्यांसारखे एका रेषेत. पुन्हा खोडली, पुन्हा आली. मी टेबलावर मूठ आपटली. "हे माझं घर आहे!" असे मोठ्याने म्हणालो. ती दारात आली आणि म्हणाली, "हो, तुमचंच आहे."

यंत्र बंद ठेवून पाहिले. ते सर्वांत वाईट होते. यंत्र बंद असताना चादर नसते आणि टेबलही नसते. मागची खोली मुकी झाली. रजया भिंतींना चिकटून लोंबत राहिल्या. आणि ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसली, भिंतीकडे तोंड करून. पापण्या लवत होत्या. मी हाक मारली, खांदा धरून हलवला. ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेले, ती तिथेच. शेवटी मीच जाऊन कळ दाबली, आणि आतून ताटाचा आवाज आला.

मार्ग मला माझ्याच ओळीत सापडला. ओळ खोडता येत नव्हती, पण तिच्यातली अट बदलता येत होती. 'पेटी सापडली नाही तरी पुढे जावे' हे शब्द मी काढून टाकले. आता यंत्र सुरू होताना दारात अडून बसू लागले. काळ्या पडद्यावर एक तांबडा तारा मागेपुढे सरके आणि एकच ओळ दिसे: पेटीची वाट पाहत आहे. मिनिट, दीड मिनिट. मग त्या पत्त्यावरून कोणीतरी ओ देई आणि चादर पडे.

पण त्या मिनिट-दीड मिनिटात टेबल उघडे असे.

पहिल्या वेळी भिंतीच्या भोकातून तिचा आवाज आला, बसलेला, दमलेला. "अहो? पाणी द्याल का थोडं? किती वेळ झाला, हे पान संपतच नाही."

मी धावलो. माझे गुडघे धावण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत. दाराच्या मुठीला हात लागला तेव्हा मागे यंत्राची सुरुवातीची धून वाजली. आत रिकामे स्टूल. दुसऱ्या वेळी तांब्या आधीच भरून ठेवला. तिसऱ्या वेळी दार आधीच उघडे ठेवले, तर वाट पाहण्याचा काळ इतका आखडला की मी कॉरिडॉर ओलांडू शकलो नाही. माझ्या हालचाली कोणीतरी तपासत होते, बारकाईने, मी तिचे वाचन तपासत असे तसे.

कळ पुढच्या खोलीत, दार मागच्या. एका माणसाचे हे काम नव्हते. कळीशी एक हवा आणि दाराशी एक. मी चिरंजीवाला म्हणालो, "ये. आईसाठी ये."

७

तो आला. तिने त्याला दारातच विचारले, "प्रवास कसा झाला?" तिने औक्षण केल्यासारखे त्याच्याकडे पाहिले आणि त्याचा आवडता कप, आवडती खुर्ची, आवडती उशी, काहीही न विसरता, त्याच्यापुढे मांडले. माझी पत्नी त्याच्या लहानपणी त्याला शाळेत घ्यायला जायला विसरली होती. त्यावर ती दोघे अजून हसतात.

मी त्याला पुढच्या खोलीत नेऊन सर्व सांगितले. क्रमाने, पुराव्यांसह. तो ऐकत राहिला. मग माझ्या हातावर हात ठेवला. हे त्याने करायला नको होते.

"बाबा, आई किती छान दिसतेय. तो खोकलासुद्धा गेला तिचा. मला किती काळजी होती त्या खोकल्याची."

"तो खोकला नव्हता! ते तिचं..." मला शब्द सापडेना. मला, शब्द सापडेना.

"तुम्ही थकलाय. दिवसभर यंत्र बंद-चालू, बंद-चालू. तीच सांगत होती मला."

"ती? ती कोण?"

मी त्याला म्हणालो, "उद्या सकाळी फक्त एक काम कर. मी त्या दाराशी उभा राहतो. तू कळ दाब. एवढंच. मग मला हवं तर वेड्यांच्या इस्पितळात घाल."

"बरं," तो म्हणाला. "बरं, बाबा."

सकाळी मी दाराशी उभा राहिलो, एका हातात तांब्या, दुसऱ्याने दाराची मूठ घट्ट धरून. "दाब!" मी ओरडलो.

त्याने दाबली. मी दार ढकलले. ते उघडत होते तोवरच यंत्राची धून वाजली.

एक क्षण. फक्त एक क्षण मला दाराच्या फटीत तिची पाठ दिसली, ती जुनी उसवलेली बाही, आणि तिने मान वळवायला घेतली. मग स्टूल रिकामे होते आणि पाणी माझ्या पायांवर सांडले होते.

"बाबा!" चिरंजीव आनंदाने आत आला. "तुम्हाला सांगायचं राहिलं. काल रात्रीच पाहिलं मी, यंत्र सुरू व्हायला उगाच वेळ घेत होतं. तुमच्या ओळीतली एक अट गळाली होती. मी टाकली परत. आता बघा, कसं झर्रकन उघडतं."

मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. मी आयुष्यभर भाषा जपली. त्या सकाळी जपली नाही. तो डोळे पुसत निघून गेला. दारापर्यंत त्याला सोडायला ती गेली, त्याच्या कॉलरचे बटण नीट केले.

मग मी बसलो आणि अट पुन्हा काढली. यंत्र पुन्हा सुरू केले. तांबडा तारा सरकू लागला. भिंतीच्या भोकातून काहीच आले नाही. मी कान लावला. काही नाही. तेव्हा मी गलबताचे पुस्तक उघडले आणि मोठ्याने वाचू लागलो. छापले होते, "किनारा दिसत होता, पण येत नव्हता." मी वाचले, "किनारा येत होता, पण दिसत नव्हता." मुद्दाम. चाळीस वर्षे इतरांच्या चुका खोडल्या, आणि ही पहिली चूक मी स्वतः केली, भोकापाशी तोंड नेऊन, मोठ्या आवाजात, पुन्हा आणि पुन्हा.

फार खोलातून, रजयांच्याही पलीकडून, एक हसू आले. "चुकलात, प्रूफवाले! शेवटी चुकलात!" आणि खाकरणे, आखूड, मग लांब.

"थांब," मी म्हणालो, "वाचत राहा, मी..."

धून वाजली.

मी वळलो. ती दारात उभी होती, हातात चहाचा कप, बशीच्या बरोबर मध्यावर. ती माझ्याकडे पाहत होती, आणि मग पुस्तकाकडे, आणि मग भिंतीतल्या त्या भोकाकडे. ओठ किंचित हलले, मनातल्या मनात घोकावे तसे.

मग तिने घसा खाकरला. आखूड. मग लांब.

"चुकलात, प्रूफवाले," ती म्हणाली, आणि हसली, आणि आत येताना त्या वर आलेल्या फरशीला ठेचकाळली. चहा बशीत सांडला.

"चूक!" मी ओरडलो. "हे चूक आहे! ती फरशी इथे नाही, स्वयंपाकघरापाशी आहे!"

तिने खाली पाहिले, सपाट जमिनीकडे. मान हलवली, दुरुस्ती मान्य करणाऱ्या विद्यार्थिनीसारखी, आणि मागे फिरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे गेली.

मी कळ दाबली. तारा सरकू लागला. स्वयंपाकघरातून ठेच लागल्याचा आवाज आला, आणि त्याबरोबर एक शिवी, नेहमीची. त्याच क्षणी मागच्या खोलीत कोणीतरी खाकरले. दोघींतली खरी कोणती ते ओळखायला मी दोन्हीकडे कान लावून बसलो आहे. पेन्सिल ड्रॉवरमधून काढली आहे. माझी काही चूक होता कामा नये.